लिम्फोमाचे संशोधन इंदुरात बसून करता येते का?

वाचकाचे पत्र : सर, सादर नमस्कार. मी इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीच्या एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लसीकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, या विषयात पुढे संशोधन करावे असे मला मनापासून वाटते. बाबांचे म्हणणे असे, की रामबागेतील आमच्या घराच्या तळमजल्यावर लॅब काढावी, दोन वर्षांत जम बसेल. ते विचारतात, रोगी बरा करतो तो औषध देणारा डॉक्टर, स्लाइड पाहणाऱ्याच्या संशोधनाने कोणाचे काय भले होणार? विभागातील वरिष्ठ म्हणतात, की हे मुंबई-दिल्लीचे काम, इथे ना यंत्रे, ना पैसा. गेल्या महिन्यात देवासचा एक चोवीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. मानेतील गाठीच्या सुईच्या तपासणीवरून बाहेर त्याला सात महिने टीबीची औषधे दिली गेली होती. आमच्याकडे पूर्ण गाठ काढून पाहिली, तेव्हा तो हॉजकिन लिम्फोमा निघाला. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. मी काय करावे? — एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर :

तुमच्या पत्राचा शेवट मी आधी घेतो. देवासच्या त्या मुलाची हकिकत तुम्ही सगळ्यांत शेवटी आणि काहीशा संकोचाने लिहिली असली, तरी बाकीच्या पत्राचे उत्तर मला तिच्यातच दिसते.

टीबी आणि हॉजकिन यांची गल्लत आजची नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस हॉजकिन यांनी 1832 मध्ये लसीकाग्रंथी आणि पानथरी वाढलेल्या काही रोग्यांचे वर्णन केले, तेही शवविच्छेदनात उघड्या डोळ्यांना जे दिसले त्यावरून, आणि सॅम्युएल विल्क्स यांनी 1865 मध्ये त्या रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. पुढे 1898 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातील मोठ्या, एकाहून अधिक केंद्रके असलेल्या पेशींचे बारकाईने वर्णन केले. पण त्यांनी तपासलेल्या बऱ्याच रोग्यांना टीबीही असल्यामुळे हा टीबीचाच एक निराळा प्रकार असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो खोडून काढला 1902 मध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टरने, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच या रोगाच्या टीबीशी असलेल्या संबंधाचा उल्लेख आहे, आणि दोन्ही रोग एकाच शरीरात शेजारी राहू शकतात, पण ते एक नव्हेत, असे त्यांनी स्पष्ट मांडले. ज्या पेशीला तुम्ही रोज रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणता, तिच्या नावात एकमेकांशी न पटलेली ही दोन माणसे जोडीने बसलेली आहेत. जाता जाता सांगतो, की त्या संस्थेत स्त्रीला वरची जागा मिळणार नाही हे कळल्यावर रीड यांनी पॅथॉलॉजी सोडली आणि पुढचे आयुष्य माता-बालकांच्या आरोग्याच्या कामात घालवले. तुमच्यापुढे निदान ते दार बंद नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर मिटलेला हा वाद देवासच्या मुलाच्या मानेत पुन्हा उभा राहिला, याचे कारण केवळ कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या रोगपेशी शंभरात एखादी-दुसरी असतात, बाकीची गर्दी निरुपद्रवी पेशींची असते. त्या गर्दीत कधी कधी ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचा पुंजका, तोही असतो, जो पाहिला की आपल्याकडच्या कोणाही डॉक्टरच्या मनात प्रथम टीबीच येतो, आणि टीबी इतका घरोघरचा, की दहापैकी आठ वेळा तो अंदाज बरोबरही ठरत असेल. त्यातून सुईने पेशी मिळतात, गाठीची रचना मिळत नाही. लिम्फोमाचे निदान बरेचसे रचनेवर उभे असते. म्हणून मानेतील गाठ औषधांनी दोन महिन्यांत उतरली नाही, तर ती पूर्ण काढून पाहावी, हा साधा नियम. तो पुस्तकात आहे आणि ओपीडीच्या गर्दीत हरवतो.

आता माझे सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका रुग्णालयात असताना एका तरुण शिक्षिकेच्या गाठीचा रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमा असलेला लसीकाग्रंथिदाह, टीबीशी सुसंगत’ असा लिहून सही केली. दहा महिन्यांनी तिचा भाऊ ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, परत मागायला आला. त्यांनी मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दाखवायचे ठरवले होते, आणि त्या काळी, जसे आजही, इंदूरचे लोक ब्लॉक आणि स्लाइड डब्यात घालून, शेवेच्या पाकिटाशेजारी पिशवीत ठेवून रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने परळला जात. तिकडून उत्तर आले ते हॉजकिनचे. मी माझ्याकडच्या स्लाइड पुन्हा काढल्या. पेशी होत्या, तीन होत्या, एका कोपऱ्यात, आणि मी त्या कोपऱ्यापर्यंत गेलोच नव्हतो. ती बरी झाली, कारण हॉजकिन उशिरा सापडला तरी पुष्कळदा औषधांना दाद देतो. पण ते तिचे नशीब, माझे कर्तृत्व नव्हे. मला आजही खुपते ते वेगळेच. तो भाऊ ब्लॉक मागायला आला म्हणून मला ही एक चूक कळली. जे कोणी आले नाहीत, त्यांच्यापैकी किती जणांच्या बाबतीत मी असेच लिहिले असेल, हे मला सांगता येत नाही, कारण माझ्या सहीनंतर त्या माणसाचे पुढे काय झाले याची नोंद मी पहिली पंधरा वर्षे ठेवलीच नाही.

तुम्ही विचारता तो लिम्फोमातील संशोधनाचा रस्ता माझ्या समजुतीप्रमाणे इथूनच सुरू होतो. पॅथॉलॉजिस्टचे संशोधन म्हणजे प्रथम आपण दिलेल्या नावाचा पुढे पाठपुरावा करणे : या गाठीला मी अमुक म्हटले, तिला अमुक औषध मिळाले, आणि दोन वर्षांनी तो माणूस कसा आहे? या तीन गोष्टी एका ओळीत लिहिल्या, की मग त्या ओळी कुठे जुळत नाहीत हे दिसू लागते, आणि जिथे जुळत नाहीत तिथे शिकण्यासारखे काहीतरी असते. महागडी यंत्रे त्यानंतर येतात.

आता बाबांचा प्रश्न. तो रागावून उडवून लावू नका. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर आहे. पीटर आयझॅकसन नावाचे पॅथॉलॉजिस्ट इंग्लंडमध्ये जठराच्या लिम्फोमाच्या स्लाइड पाहत असत. त्यांच्या ध्यानात आले, की या गाठी लसीकाग्रंथींतील लिम्फोमासारख्या दिसत नाहीत, त्या आतड्याच्या आवरणातील नैसर्गिक लसीका-ऊतकासारख्या दिसतात. 1983 मध्ये डेनिस राइट यांच्यासह त्यांनी हे मांडले आणि त्यातून माल्ट (श्लेष्मल आवरणाशी निगडित लसीका-ऊतक) लिम्फोमा हे नाव रूढ झाले. इथपर्यंत बाबा म्हणतील, की नाव दिले, पुढे काय? पुढे असे, की निरोगी जठरात असे लसीका-ऊतक मुळात नसतेच. मग ते येते कुठून, हा प्रश्न ज्याने स्लाइड पाहिली त्यालाच पडू शकत होता. उत्तर होते हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जिवाणू. 1991 मध्ये त्यांच्या गटाने 110 रोग्यांची जठरे तपासली आणि 92 टक्क्यांमध्ये हा जिवाणू सापडला. मग 1993 मध्ये त्यांनी अशा सहा रोग्यांना केवळ प्रतिजैविके देऊन जिवाणू घालवला, आणि सहापैकी पाच जणांचा लिम्फोमा मावळला. कर्करोग, आणि तो ॲंटिबायोटिकने! सगळ्यांना हे लागू पडत नाही. रोग खोलवर गेला असेल किंवा पेशींत एक विशिष्ट गुणसूत्र-बदल असेल, तर गोळ्यांनी भागत नाही, आणि तो बदल ओळखणे हेही पुन्हा पॅथॉलॉजीचेच काम. पण ज्यांना लागू पडते त्यांचे जठर कापावे लागत नाही. औषध लिहून देणारा डॉक्टर निराळा होता, हे बाबांचे खरे. ते औषध लिहावे हे मात्र त्याला स्लाइड पाहणाऱ्याने सांगितले.

दुसरी हकिकत हॉजकिनची, म्हणजे तुमच्या देवासच्या मुलाच्या रोगाची. जर्मनीतील कील शहरात हाराल्ड श्टाइन हे पॅथॉलॉजिस्ट आणि त्यांचे सहकारी अशी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूला नेमके चिकटणारे प्रथिन, शोधत होते, जी रीड-स्टर्नबर्ग पेशीला रंगवेल आणि आजूबाजूच्या गर्दीला रंगवणार नाही. 1982 मध्ये त्यांना ती मिळाली. तिला कीलच्या नावावरून ‘की-1’ म्हटले गेले आणि तिने ओळखलेल्या रेणूला आपण आज सीडी30 म्हणतो. तुमच्या विभागात रोज लागणाऱ्या केआय-67 या मार्करमधला, म्हणजे पेशीतील ठरावीक रेणू रंगवणाऱ्या अशाच अँटिबॉडीतला, ‘की’ही त्याच शहराचा. निदानासाठी ही अँटिबॉडी लगेच उपयोगी पडली, आणि सीडी30 रंगणाऱ्या एका वेगळ्या, मोठ्या पेशींच्या लिम्फोमाची ओळखही तिच्यामुळेच पटली. औषध म्हणून मात्र वाट लांबची होती. सीडी30 विरुद्धची नुसती अँटिबॉडी रोग्याला देऊन पाहिली, तर हॉजकिनवर तिचा फारसा परिणाम होईना. मग तिच्यावर पेशी मारणारे विष रासायनिक दुव्याने बसवले गेले, ज्यामुळे ते विष सीडी30 असलेल्या पेशीत शिरल्यावरच सुटे होते. हेच ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन. सगळे उपाय थकून मूळपेशींच्या प्रत्यारोपणानंतरही रोग उलटलेल्या 102 रोग्यांवर ते वापरले, तेव्हा 75 टक्क्यांमध्ये गाठी ठळकपणे कमी झाल्या आणि 34 टक्क्यांमध्ये पूर्ण मावळल्या, आणि 2011 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. 1982 पासून 2011. एकोणतीस वर्षे. या क्षेत्रात यायचे तर हा आकडा उशाशी ठेवून यायचे.

बाबांना आणखी एक नाव सांगा, ते त्यांना जवळचे वाटेल : वसंत रामजी खानोलकर. जन्म 1895 चा, तोही महाराष्ट्राबाहेर, क्वेट्ट्याला. 1941 मध्ये टाटा मेमोरियल सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या, 1952 मध्ये मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले, आणि हे सगळे पॅथॉलॉजिस्ट म्हणून. त्यांचा विषय लिम्फोमा नव्हता, तोंडाचा कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांचे विषय. पण बृहन्महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाने सूक्ष्मदर्शकावर आयुष्य घालवले तर त्याचे काय होते, याचे उदाहरण म्हणून ते पुरेसे आहेत.

तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे मात्र मला अर्धेच पटते. जनुकांचे क्रम लावणे, नवीन औषधांच्या चाचण्या चालवणे हे मोठ्या केंद्रांचेच काम आहे, त्यात खोटे नाही. पण लिम्फोमात एक काम असे आहे, जे मोठी केंद्रे आपल्यासाठी करूच शकत नाहीत, आणि ते म्हणजे आपल्या भागातील मोजणी. 1997 मध्ये लिम्फोमाच्या तेव्हाच्या नव्या वर्गीकरणाची मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. पाच निष्णात पॅथॉलॉजिस्ट जगातील नऊ ठिकाणी गेले आणि त्यांनी 1,403 रोग्यांच्या स्लाइड स्वतः पाहिल्या. आपण एकमेकांशी किती वेळा सहमत होतो हे त्यांनी मोजले, त्यातील बहुतेक मुख्य प्रकारांत हे प्रमाण 85 टक्के किंवा त्याहून अधिक निघाले, आणि ज्या प्रकारांत ते कमी भरले तेही त्यांनी लपवले नाही. मला त्या कामातली ही गोष्ट सर्वांत आवडते. त्या नऊ ठिकाणांत ओमाहा होते, केप टाउन होते, हाँगकाँग होते. भारतातील एकही गाव नव्हते. आपली मोजणी आपल्याला करावी लागली : 2000 मध्ये टाटा मेमोरियलमधून 2,773 लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यातून दिसले, की मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा इथेही सर्वांत जास्त, सुमारे एक-तृतीयांश आहे, पण फॉलिक्युलर प्रकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आहे. त्या अभ्यासाला मुख्यतः काय लागले? जपलेले ब्लॉक, मार्कर, आणि पुन्हा पुन्हा बसून स्लाइड पाहणारी माणसे. माळव्यातल्या रोग्यांत कोणता प्रकार किती, किती जणांना आधी टीबीची औषधे मिळाली, आणि त्यात किती महिने गेले, याचे उत्तर परळमध्ये मिळणार नाही, कारण परळला पोहोचतात ते फक्त ज्यांना गाडीचे तिकीट आणि राहण्याचा खर्च परवडतो ते. खरगोन-झाबुआकडून आलेला मजूर एमवाय, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयापर्यंतच येतो. तो तुमच्या स्लाइडवर असतो, आणि कोणाच्याही आकडेवारीत नसतो.

पैशाचा प्रश्न उरतोच. मार्कर महाग आहेत, आणि प्रत्येक रोग्यासाठी वेगळी स्लाइड वापरून दहा-दहा मार्कर लावायचे म्हटले, तर कोणत्याही सरकारी विभागाचे वर्षाचे अंदाजपत्रक संपेल. पण यावर पॅथॉलॉजिस्टांनीच एक सुगरणीला शोभणारी युक्ती काढलेली आहे. हेक्टर बॅटिफोरा यांनी 1986 मध्ये अनेक गाठींच्या पट्ट्या एकत्र गुंडाळून त्यांचा एकच ब्लॉक केला, सॉसेज ब्लॉक म्हणतात तो. पुढे 1998 मध्ये प्रत्येक जुन्या ब्लॉकमधून बारीक दंडगोल काढून ते एका नव्या ब्लॉकमध्ये ओळीने बसवण्याची टिश्यू मायक्रोॲरेची पद्धत आली. एका स्लाइडवर पन्नास-साठ रोगी बसतात, म्हणजे एका रोग्याच्या मार्करच्या खर्चात पन्नासांचे काम होते. तयार यंत्र नसले तरी हाताने चालवायच्या साध्या सुईने हे जमते, वेळ मात्र जातो. निवासी डॉक्टरांकडे वेळ नसतो हे मला ठाऊक आहे, रविवार असतो.

आता एक सावधगिरी. संशोधनाच्या यशोगाथा सांगताना आपण वाया गेलेली वर्षे गाळतो, आणि मी वर तेच केले. 2000 मध्ये जनुकांच्या अभिव्यक्तीवरून मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमाचे दोन गट पाडले गेले, एकातल्या रोग्यांचे भवितव्य बरे, दुसऱ्यातल्यांचे वाईट. 2004 मध्ये सीडी10, बीसीएल6 आणि एमयूएम1 या तीन मार्करांवरून हेच गट साध्या प्रयोगशाळेत ओळखण्याची रीत आली, तुम्ही हान्स अल्गोरिदम म्हणून पाठ केली असेल तीच. सगळ्यांना वाटले, की आता वाईट गटासाठी वेगळे औषध, आणि प्रश्न सुटला. आर-चॉप या नेहमीच्या औषध-मिश्रणाला बोर्टेझोमिब जोडून पाहिले, इब्रुटिनिब जोडून पाहिले, लेनालिडोमाइड जोडून पाहिले. तिन्ही मोठ्या चाचण्या आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. मग पाच वर्षांच्या पाठपुराव्यात बोर्टेझोमिबचा काही गटांना फायदा झाल्याचे दिसले, म्हणजे पहिला निकालही अंतिम नव्हता. अशा कामात दहा वर्षे दिलेली आणि हाती नकार आलेली माणसे असतात, आणि त्यांचे काम खोटे नसते. तुमचा स्वभाव याला तयार आहे का, हे तुम्हालाच पाहावे लागेल; ज्यांना वर्षाच्या वर्षाला फळ दिसावे लागते, त्यांनी मनाविरुद्ध इकडे येऊ नये, कारण रोजच्या रिपोर्टचे कामही तितकेच मोलाचे आहे आणि त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी मिळतो.

तयार असाल, तर माझा सल्ला सरळ आहे : एम.डी. होताच लॅब काढू नका. मी लॅबच्या विरुद्ध नाही, माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी लॅब काढल्या आणि ते शहराचे चांगले काम करतात. पण तळमजल्यावरच्या लॅबमध्ये रक्त, लघवी, थायरॉइड येते. पूर्ण काढलेली लसीकाग्रंथी तिथे क्वचित येते, आणि आली तरी त्या माणसाचे पुढे काय झाले हे कळण्याची सोय नसते. लॅब नंतरही काढता येते. उलट लॅबमधून पाच वर्षांनी पुन्हा लिम्फोमाकडे वळलेले माझ्या पाहण्यात कोणी नाही. एम.डी.नंतर तीन वर्षे बाहेर जा. चंदीगडच्या पीजीआयमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये हिमॅटोपॅथॉलॉजीचा, म्हणजे रक्त आणि लसीकाग्रंथींच्या रोगांच्या निदानाचा, डी.एम. हा एम.डी.नंतरचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश कठीण आहे, एका प्रयत्नात मिळेलच असे नाही. तिथे दिवसाला जितके लिम्फोमा दिसतील तितके इथे महिन्याला दिसणार नाहीत, आणि दुर्मीळ प्रकार एकदा डोळ्याने पाहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत, कितीही पुस्तके वाचली तरी. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिच्यावरचे मार्कर मोजण्याची पद्धत, हाताने शिका, नुसता छापील निकाल वाचायला शिकू नका. एखाद्या सांख्यिकी जाणणाऱ्या माणसाशी मैत्री करा. माझ्या पिढीने हे केले नाही आणि आमचे पुष्कळ आकडे त्यामुळे निकामी झाले. आणि मग परत या. परत येण्याचा आग्रह मी धरू नये, पण माळव्याच्या त्या मोजणीबद्दल वर जे लिहिले, ते दुसरे कोणी येऊन करील असे मला वाटत नाही.

घरी बोलताना एक करा : पैशाची गोष्ट तुम्ही स्वतः काढा, बाबांवर सोडू नका. अध्यापकाचा पगार पोटापुरता आणि त्याहून थोडा अधिक असतो. चाललेल्या लॅबच्या मानाने कमीच. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडाचे शिक्षण तुमच्यावर असेल, तर ते आकडे कागदावर मांडा आणि तीन वर्षे तुमच्या विद्यावेतनात घर चालते का ते दोघांनी मिळून पाहा. चालत नसेल, तर दोन वर्षे नोकरी करून मग जाण्यात काही कमीपणा नाही, फक्त ती नोकरी जिथे बायोप्सी येतात अशा ठिकाणी असावी. वडिलांना बहुधा संशोधनाचा विरोध नसतो, मुलगी अनिश्चितात पडेल याची धास्ती असते, आणि आकडे समोर असले की ती थोडी कमी होते. तळमजला भाड्याने देता येतो.

दूरचे हे सगळे ठरायला वर्ष जाईल. तोवर बसून राहू नका, कारण जे काम मी पंधरा वर्षे केले नाही ते तुम्हाला या आठवड्यात सुरू करता येते. तुमच्या विभागप्रमुखांशी बोला, नैतिक समितीची परवानगी घ्या, आणि गेल्या पाच वर्षांत तुमच्या विभागात लिम्फोमा म्हणून, किंवा लिम्फोमाची शंका म्हणून, सही झालेल्या सगळ्या रिपोर्टची यादी करा. तेवढ्यावर थांबू नका. ग्रॅन्युलोमा म्हणून सही झालेल्या गाठीही त्यात घ्या, खरे धडे तिथे आहेत. त्यांचे ब्लॉक शोधा, किती सापडत नाहीत तेही लिहा. ज्यांचे दूरध्वनी नोंदीत आहेत त्यांना फोन करा. काही घरांत फोन उचलणारा गप्प होईल, त्याची मनाची तयारी ठेवा, आणि त्या वेळी आकडे विचारू नका, दोन मिनिटे ऐकून घ्या.

शस्त्रक्रियागृहाशीही संबंध जोडा. संशोधन पुष्कळदा तिथेच बिघडते. अख्खी गाठ तशीच फॉर्मलिनमध्ये टाकली, तर फॉर्मलिन तासाला साधारण एक मिलिमीटर या गतीने आत शिरते, मधला भाग तोवर सडू लागतो आणि नंतर कोणताही मार्कर त्यावर नीट रंगत नाही. गाठ ताजी मागवा, स्वतः मधोमध कापा, कापलेल्या बाजूचे काचेवर ठसे घ्या, फ्लोसाठी छोटा तुकडा सलाइनमध्ये बाजूला ठेवा आणि मग बाकीचे फॉर्मलिनमध्ये घाला. बायोप्सीआधी स्टेरॉइड दिले होते का, हे सर्जनला विचारायला विसरू नका. चार दिवसांचे स्टेरॉइडही लिम्फोमाचे चित्र पुसून टाकू शकते. सर्जन सुरुवातीला कंटाळतील. त्यांच्या एखाद्या रोग्याचे निदान तुमच्या ठशांवरून दुसऱ्या दिवशी कळवले, की तेच गाठ घेऊन तुमच्या दारात येतील.

देवासच्या मुलाबद्दल. त्याला आता बहुधा एबीव्हीडी हा चार औषधांचा उपचार मिळेल, ज्यातील व्हिनब्लास्टिन आपल्या अंगणात वर्षभर फुलणाऱ्या सदाफुलीतून येते; त्या वयात आणि रोग फार पसरलेला नसेल तर बरे होण्याची शक्यता चांगली असते, हे तुम्ही जाणताच. त्याच्या सात महिन्यांची भरपाई तुम्हाला करता येणार नाही. पण ज्या बाहेरच्या लॅबमध्ये त्याची सुईची तपासणी झाली, तिथे जा, आणि दोष द्यायला आला नाहीत हे पहिल्या वाक्यात सांगा. त्याच्या जुन्या स्लाइड पाहायला मागा. सुईच्या तपासणीच्या स्लाइड लॅबमध्ये कायम ठेवत नाहीत, काही वर्षांनी टाकून देतात, म्हणून उशीर करू नका. त्या स्लाइड तुमच्या विभागातील बायोप्सीशेजारी ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा. मोठी पेशी तिथे होती आणि सुटली, की सुई तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, हे दोन्ही निराळे निष्कर्ष आहेत, आणि तुमच्या नोंदवहीच्या पहिल्या ओळीत यांपैकी कोणता लिहायचा, ते त्या स्लाइड पाहिल्यावरच ठरेल.